मिळून आला नाही

आमच्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. रेणापूरच्या अंगाला आहे, एवढं पुरे. मला अजून पेन्शन घ्यायची आहे. पण महानंदा जमादाराचं नाव सांगणार, दहादा सांगणार. असली बाई खात्यात पुन्हा होणे नाही.

मी किशनराव, कोर्टाचा पैरवी जमादार. म्हणजे ठाण्यातले कागद कोर्टात न्यायचे, कोर्टातले ठाण्यात आणायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. महानंदा माझ्या शेजारच्या टेबलावर, समन्स-वॉरंटला. माहेर उदगीरचं. घरात कानडी, ठाण्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही. कपाळाला विभूतीचं बोट, वर्दीच्या आत गळ्यात लिंग. काही अडलं की हात आपोआप छातीशी जायचा आणि तोंडातून निघायचं, "अय्यो शिवने!" मग समजायचं, आता बाईच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. उदगीर जिल्हा झाला की पहिली बदली मी मागणार, असं ती मी ओळखतो तेव्हापासून म्हणायची. जिल्हा काही झाला नाही आणि बाई आमच्याच वाट्याला राहिली. आमचं नशीब, दुसरं काय.

समन्सचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. कोर्ट कागद काढतं, अमक्या तारखेला हजर राहा. आमचा शिपाई गावात जातो, माणूस भेटला तर सही घेतो. नाही भेटला तर कोर्टाला अहवाल लिहायचा: "सदर इसमाचा शोध घेतला असता तो मिळून आला नाही." हे वाक्य खात्यात येणारा प्रत्येक जण आईच्या दुधाबरोबर पिऊनच येतो. खरोखर शोधलं तरी हेच, आणि वडाखाली बसून चहा पिऊन आला तरी हेच. कोर्टालाही त्याशिवाय चैन पडत नाही. वेगळं काही लिहिलं तर विचारतात, हे काय नवीन?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. तुम्हाला आठवत असेल, टाक्यांवर जमावबंदी लावली होती. घागरीवरून डोकी फुटायची. त्यामुळे आमचं सगळं ठाणं पाण्याच्या बंदोबस्तावर. चोर सोडा, पोलीससुद्धा टँकरच्या मागं. इकडं टेबलावर समन्सचा ढीग असा चढला की पलीकडं बसलेली महानंदा मला दिसेना, नुसती बांगड्यांची किणकिण ऐकू यायची. वर कोर्टाची स्मरणपत्रं. मोठे साहेब येता-जाता ओरडायचे, "बाई, अहवाल कुठंयत?" आता एकटी बाई तेच वाक्य हातानं किती वेळा लिहिणार हो?

एक दिवस तिनं पेन आपटलं.

"काका, तुम्ही एमएस-सीआयटी केलाव का न्हाई?"

"केली की. सर्टिफिकेट भिंतीला हाय."

"भिंतीला येतंय का मग कंप्युटर?"

मी कोपऱ्याकडं पाहिलं. कोपऱ्यात खात्यानं दिलेला कंप्युटर होता, त्याच्यावर टॉवेल पांघरलेला. उन्हाळ्यात आमचा एक शिपाई त्याच्यावर घाम पुसलेला रुमाल वाळवायचा. महानंदानं टॉवेल ओढला, धूळ झटकली, शिंकली आणि बसली. मी म्हटलं, "बाई, बुडत्याचा पाय खोलात. त्या डब्याच्या नादी लागू नका." ती म्हणाली, "तुम्ही चहा सांगा."

पुढं महिनाभर आमच्या कानाला नुसती टकटक. कोर्टातून आलेला प्रत्येक कागद, जुना असो की नवा, तिनं त्या मशीनच्या पोटात घातला. जिल्हा वेगळा झाला तेव्हा उस्मानाबादेहून ट्रकात भरून आलेल्या गठ्ठ्यांपर्यंत गेली. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशी साली. ते गठ्ठे तेव्हा जे कपाटात गेले ते झुरळांनीच पाहिले असतील. मग तिनं अहवालाचा साचा बनवला. नाव टाका, गाव टाका, एक बटण दाबा, की खालून छापील कागद. त्यात "मिळून आला नाही" हे आधीच घातलेलं. माणूस भेटला तरच बदलायचं.

पहिला कागद निघाला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांत धरून मला दाखवला. "बघा काका, तुमच्या जन्माचं काम." खोटं कशाला बोलू, मला राग आला. अख्खी नोकरी मी जे अक्षर गिरवलं ते मशीननं खोकल्यासारखं बाहेर टाकलं. पण दुपारी तिनं डब्यातलं धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सरकवली, आणि धपाटं खाता खाता माझा राग कधी उतरला ते कळलं नाही. ढीग आठवड्यात संपला. मोठे साहेब खूश, कोर्ट खूश. साहेब म्हणाले, आता चारित्र्य पडताळणीही ह्याच्यावरच करा. नोकरी लागलेल्या पोरांच्या नावावर काही गुन्हा-वॉरंट आहे का, ते ठाणं कळवतं, तो हा कागद. नाव टाकलं की मशीन सांगणार. महानंदाची मान अशी ताठ झाली की टोपी मोठी मागवावी लागते की काय, असं मीच तिला चिडवलं.

आणि त्याच आठवड्यात तो पोरगा आला.

ओठावर नुकती मिसरूड, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. नाव ईश्वरप्पा गुरुपादप्पा हलकुडे. जवळच्याच गावचा. एसटीत वाहक म्हणून निवड झालेली, मुखेड डेपो. त्या साली रानात कुसळ नव्हतं, घरातली जनावरं छावणीला, बाप रोज टँकरच्या रांगेत; अशात पोराला सरकारी नोकरी म्हणजे साक्षात महादेव दारात. पडताळणीचा कागद घेऊन येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. नाहीतर यादीतला पुढचा माणूस उभाच.

महानंदानं ऐटीत नाव टाकलं, बटण दाबलं. मशीननं लाल अक्षरांत सांगितलं: ह्या नावावर वॉरंट प्रलंबित. दंगा आणि सरकारी कोठाराचं कुलूप तोडणे. साल एकोणीसशे बहात्तर.

"अय्यो शिवने," बाई म्हणाली.

आमचा ठाणे अंमलदार नवा आणि उत्साही. तो उठलाच. "इतक्या वर्षांचा फरारी स्वतः चालत आला! बसवा त्याला."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, ह्याचं बारसं झालं नव्हतं बहात्तरला. ह्याच्या बापालाच दात येत असतील तेव्हा!"

पोरगा पांढराफटक. म्हणाला, "साहेब, ते माझे आजे असतील. माझं नाव त्यांचंच हाय."

आता हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. लिंगायतांच्या घरात आज्याचं नाव नातवाला. ईश्वरप्पाचा गुरुपादप्पा, गुरुपादप्पाचा ईश्वरप्पा, रहाटासारखं फिरत राहतं. म्हणजे आजा आणि नातू, दोघांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकच. आणि जुन्या वॉरंटवर वयाच्या जागी काय, तर "सज्ञान". झालं! महानंदा स्वतः लिंगायत, तिच्या सख्ख्या भावाच्या घरात हेच. पण तिनंच बनवलेल्या मशीनला तिनं हे सांगितलं नव्हतं. मशीन बिचारं काय करणार, त्याला आजा ना नातू.

आम्ही साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, "मला दिसतंय हो, हा तो नव्हे. पण वॉरंट जिवंत आहे, आणि ते फक्त कोर्टच मारू शकतं. त्याशिवाय मी 'काही प्रलंबित नाही' ह्याच्यावर सही कशी करू?" तेही खरंच. पोरगा पिशवी छातीशी धरून उभा. महानंदा त्याच्याकडं बघेना. माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, हे मी केलं. ते वॉरंट कपाटात मेलं होतं. मी उठवलं."

मी म्हटलं, "मग आता तुम्हीच गाडा. चला."

तिच्या स्कूटीवर मागं बसून मी त्या गावाला गेलो. माझ्या वयाला आणि पोटाला ते शोभलं नाही, हे मला ठाऊक आहे. ठाण्यातली पोरं अजून हसतात. गावात कळलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. म्हातारा ईश्वरप्पा आयुष्यभर गावातच होता! मारुतीच्या पारासमोर त्याची चिवडा-भज्याची गाडी. फौजदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी त्याची भजी खाल्लेली, आणि ठाण्यात जाऊन लिहिलेलं, सदर इसम मिळून आला नाही. आधीच्यानं लिहिलं म्हणून पुढच्यानं, त्यानं लिहिलं म्हणून त्याच्या पुढच्यानं. भजी तळता तळता म्हातारा लिंगैक्य झाला, वॉरंट मात्र जिवंतच.

त्याची बायको, गुरम्मा आजी, ओट्यावर बसली होती. ताठ, बारीक, डोळे लखलखीत. तिनं सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात दोघं नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. लेकरांना खायला सरकारनं सुकडी पाठवलेली, ती मुकादमानं कोठारात कुलूप लावून ठेवली. "चार दिस लेकरं रडत होती. मग ह्यांनी घण उचलला अन् घातला कुलपावर. सगळ्यांच्या पदरात सुकडी वाटली. आपल्या लेकराला सगळ्यात शेवटी. मला लई राग आला होता तवा." आणि हसली. "नंतर जमादार म्हणला, जा, मिटलं. आमी समजलो, मिटलं."

मृत्यूचा दाखला घरात होता. आम्हाला वाटलं, काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज दिला. मॅजिस्ट्रेट साहेब शांत माणूस. दाखला पाहिला, वॉरंट पाहिलं, पोराकडं पाहिलं. म्हणाले, "ह्या गावात ह्याच नावाचे आणखी कोणी?"

महानंदा खोटं बोलत नाही, हा तिचा दोष. म्हणाली, "भावकीत अजून एक आहेत साहेब. तेही वारले. त्यांचेही नातू आहेत."

"मग बघा. मशीननं नुसत्या नावावरून नातवाला आजोबा केलं. आता मी नुसत्या नावावरून ह्या मयताला आरोपी करू? त्या कामावर हजर असलेलं माणूस आणा. शपथेवर सांगू दे, कुलूप तोडणारा तो हाच."

तेव्हा कामावर असलेलं माणूस गावात एकच उरलं होतं. गुरम्मा आजी. तो दिवस शुक्रवार. शनिवार-रविवार कोर्टाला सुट्टी, सोमवारी पोरानं मुखेडला उभं राहायचं. महानंदानं साहेबांना हात जोडले, "आजच्या आज आणते," आणि स्कूटी अशी पिटाळली की मला मागं बसायलाही सवड दिली नाही. शिव, शिव. दुपारनंतर म्हातारीला मागं बसवून घेऊन आली. म्हातारीनं तिची कंबर दोन्ही हातांनी धरलेली आणि पदर दातात.

आजी पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेतली. सुकडीचं सांगितलं, घणाचं सांगितलं.

"कुलूप कोणी तोडलं?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे?"

"पोराच्या आज्यानं."

"त्यांचं नाव काय?"

आजी जमिनीकडं बघत पदर सारखा करत राहिली.

"आजी, नाव सांगा."

"नवऱ्याचं नाव कसं सांगू, साहेब?" आवाज एवढासा झाला. "जलमात घेतलं न्हाई."

कोर्टात कोणीतरी हसलं. मी असा डोळे वटारून मागं पाहिलं की हसणारा बाहेरच गेला. साहेबांनी दुसऱ्या वाटेनं विचारलं, "बरं, नातवाचं नाव काय?"

"त्याचंबी तेच हाय ना! मी त्याला मालक म्हणते."

आता काय करता? साहेबही अडले. नाव दुसऱ्यानं सुचवून चालत नाही, साक्षीदारानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. सरकारी वकील घड्याळ बघायला लागले. पोरगा दाराशी उभा. मला तर वाटलं, गेली नोकरी. एका नावासाठी गेली.

तेवढ्यात महानंदाचा हात छातीशी गेला. पुढं झाली, म्हणाली, "साहेब, मी नाव सांगत नाही. फक्त कसं सांगायचं ते सांगू का?"

साहेबांनी मान हलवली.

"आजी," महानंदा म्हणाली, "नाव सांगू नका. नाव घ्या. लग्नात घेतलं होतं की न्हाई, उखाण्यात?"

आजीनं मान वर केली. डोळे भरलेले. "ते सवाशिणीनं घ्यायचं, बाई. माझं कपाळ बघ की."

"लिंगैक्य झालं तर काय माणूस आपलं राहत न्हाई व्हय?" महानंदाचा आवाज फाटला. "तुमी न्हाई घेतलं तर त्यांचं नाव आमच्या कागदात चोर म्हणून राहतंय. घ्या आजी. त्यांच्यासाठी घ्या."

आजीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. डोळे मिटले. आणि नव्या नवरीसारखी, मान खाली घालून, म्हणाली:

"खडी फोडली, कुलूप फोडलं, लेकरांच्या भुकेपोटी,
ईश्वरप्पांचं नाव घेते, नातवाच्या मायेपोटी."

मी रडलो. लपवायचं कशाला? पैरवीत आयुष्य गेलं. खून पाहिले, फाशी ऐकली, डोळा ओला झाला नव्हता. सरकारी वकील खाली वाकून फायलीत काहीतरी शोधत होते, जे तिथं नव्हतं. मॅजिस्ट्रेट साहेब टंकलेखकाला म्हणाले, "जसंच्या तसं घ्या. दोन्ही ओळी." आणि आजीला म्हणाले, "आजी, तुम्ही गुन्हा कबूल करून टाकलात हो त्यांच्या वतीनं. पण आरोपी माझ्या हाताच्या पलीकडं गेलेत. खटला संपला."

ठाण्यात परत आलो तर अहवाल द्यायचा होता. वॉरंट कोर्टाला परत करताना ठाण्याचा शेवटचा कागद लागतो. महानंदानं बटण दाबलं, मशीननं इमानेइतबारे छापलं: सदर इसमाचा शोध घेतला असता तो मिळून आला नाही. बाईनं त्या कागदाकडं पाहिलं. पेन उघडलं. शेवटचा "नाही" खोडला, शेजारी सही केली, तारीख घातली आणि माझ्यापुढं सरकवला. मी वाचला, फायलीत लावला.

मग तिनं मशीनसमोर बसून साचा बदलायला घेतला. "मिळून आला नाही" आधीच घातलेलं होतं ते काढलं. आता ते दरवेळी आपल्या बोटांनी टाकावं लागतं. शिपाई लोक अजून तिला शिव्या देतात. आणि पडताळणीत नावाच्या खाली तिनं एक नवी चौकट घातली: घरात काय म्हणतात? पुढं जिल्ह्याहून पत्र आलं, ही चौकट कशासाठी, खुलासा करा. खुलासा मलाच लिहावा लागला आणि मी तो असा लिहिला की पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्या चौकटीत पहिलं नाव त्याच संध्याकाळी भरायचं होतं. पोरगा टेबलासमोर उभा, आजी बाकावर, कोणीतरी दिलेला चहा बशीत ओतून फुंकत बसलेली. साहेब सही करायला थांबलेले. महानंदानं विचारलं, "घरात काय म्हणतात रे तुला?"

"मालक," पोरगा म्हणाला. "आजी मालक म्हणते, म्हणून सगळेच."

महानंदानं म आणि ल टाकलंसुद्धा.

"मालक लिवू नको," बाकावरून आजी म्हणाली.

बशी बाजूला ठेवून ती उठली. पदरानं तोंड पुसलं. "एकदा घेतलंच हाय नाव, तर आता कशाला लपवू? ईश्वरप्पा, चल. एसटी जाईल."

पोरगं जागचं हललं नाही. मागं वळून दाराकडं बघायला लागलं, कुणाला हाक मारली म्हणून.